पेटीतून उठलेला सुलतान आणि त्याचे मतदार: चो रामस्वामी यांचा ‘मुहम्मद बिन तुघलक’ (१९७१)

‘तुघलकी कारभार’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रात आठवड्यातून एकदा तरी भेटतो. महापालिकेने रात्रीतून रस्ता एकेरी केला, विद्यापीठाने परीक्षेच्या आदल्या दिवशी वेळापत्रक बदलले, की बातमीच्या मथळ्यात ‘तुघलकी’ येतोच. हिंदीत ‘तुगलकी फरमान’ आहे, तमिळमध्ये ‘तुघलक दरबार’ आहे. चौदाव्या शतकातला एक सुलतान भारतातल्या निरनिराळ्या भाषांत एकाच अर्थाने टिकून राहावा, ही गोष्ट साधी नाही. असा मान अकबराला किंवा अलाउद्दीनला मिळालेला नाही.

या पाठात आपण त्या सुलतानाकडे एका वेगळ्या वाटेने जाणार आहोत. ती वाट म्हणजे १९७१ साली मद्रासमध्ये आलेला एक तमिळ विनोदी चित्रपट. त्याचे नाव ‘मुहम्मद बिन तुघलक’. लेखन, दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका तिन्ही चो रामस्वामी यांची, संगीत एम. एस. विश्वनाथन यांचे. सहाशे वर्षांपूर्वी मेलेला सुलतान स्वतंत्र भारतात निवडणुकीला उभा राहतो आणि पंतप्रधान होतो, एवढ्याच कल्पनेवर हा चित्रपट उभा आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने विनोदी चित्रपट साधन म्हणून वाचायचा तर दोन प्रश्न विचारावे लागतात. तो ज्या काळात तयार झाला त्या काळाबद्दल काय सांगतो, हा पहिला. तो ज्या काळाबद्दल बोलतो त्याच्याशी कितपत प्रामाणिक आहे, हा दुसरा. बहुतेक वेळा पहिल्या प्रश्नाचे उत्तर भरघोस मिळते आणि दुसऱ्याचे निराशाजनक. इथे मात्र दुसरा प्रश्नही आपल्याला अनपेक्षित ठिकाणी नेतो.

कथा

चो यांचा जन्म १९३४ चा. शिक्षणाने आणि व्यवसायाने वकील, हौशी रंगभूमीवर वाढलेले, मग तमिळ चित्रपटांतले ओळखीचे विनोदी नट. ‘मुहम्मद बिन तुघलक’ आधी नाटक म्हणून १९६८ मध्ये रंगमंचावर आले. जानेवारी १९७० मध्ये चो यांनी राजकीय टीकेचे नियतकालिक काढले, त्याचेही नाव ‘तुघलक’च ठेवले. मार्च १९७१ मध्ये चित्रपट आला. नाटक, नियतकालिक, चित्रपट असा हा प्रवास तीन वर्षांत झाला. चित्रपटात रंगमंचाची सवय दिसते. पात्रे उभी राहून बोलतात, बोलणे लांबत जाते, आणि गंमत चित्रचौकटीपेक्षा वाक्यात असते.

रंगाचारी नावाचा एक इतिहासवेडा गृहस्थ आहे, तुघलकाचा भक्तच म्हणा. उत्खननात दोन पेट्या सापडतात आणि त्यांतून मुहम्मद बिन तुघलक आणि त्याचा समकालीन प्रवासी इब्न बतूता जिवंत बाहेर येतात. लोक आधी अविश्वासाने आणि मग कौतुकाने पाहू लागतात. देशाची अवस्था पाहून सुलतान राजकारणात उतरायचे ठरवतो, निवडून येतो आणि दिल्लीच्या गादीवर दुसऱ्यांदा बसतो, या वेळी मतांच्या जोरावर. बहुमतासाठी त्याची युक्ती सरळ आहे: जो खासदार आपल्या बाजूला येईल त्याला उपपंतप्रधानपद. भाषेचा तंटा तो फारसीला राष्ट्रभाषा करून मिटवतो. लाच थांबत नाही म्हटल्यावर तिला कायदेशीर करतो. चो चेहरा अगदी गंभीर ठेवून हे निर्णय जाहीर करतात. प्रत्येक निर्णयामागे सुलतानाजवळ तर्क असतो, आणि तो तर्क ऐकताना क्षणभर पटतोही. विनोद तिथे आहे.

शेवटी पडदा उघडतो. हा तुघलक नाही आणि तो बतूताही नाही. ते महादेवन आणि राघवन नावाचे दोन तरुण आहेत. पुढारी किती पोकळ आणि जनता किती भाबडी, हे दाखवून देण्यासाठी त्यांनी हे सोंग घेतले होते, आणि ठरल्या वेळी खरे सांगून टाकायचे होते. पण पंतप्रधान झालेल्या महादेवनला आता ते सांगायचे नाही. राघवन लोकांसमोर सत्य मांडायला जातो, तेव्हा महादेवन आपल्या वक्तृत्वाने जमाव फिरवतो. जमाव सत्य सांगणाऱ्यावर उलटतो आणि खोटा सुलतान गादीवर तसाच राहतो. अडीच तास हसवून शेवटी असे टोक गाठणारे विनोदी चित्रपट आपल्याकडे फार नाहीत.

ती चार वर्षे

नाटक आणि चित्रपट ज्या काळात घडले तो काळ नीट पाहिल्याशिवाय यातले विनोद कळत नाहीत. १९६७ ची चौथी सार्वत्रिक निवडणूक हा त्याचा आरंभ. लोकसभेत काँग्रेसचे संख्याबळ ५२० पैकी २८३ वर आले आणि नऊ राज्यांत तिच्या हातून सत्ता गेली. मद्रास राज्यात तर एकाच विरोधी पक्षाने, द्रविड मुन्नेत्र कळघमने, स्वतःचे बहुमत मिळवले. मुख्यमंत्री भक्तवत्सलम पडले. काँग्रेसचे अखिल भारतीय नेते कामराज स्वतःच्या विरुदुनगरमध्ये पी. श्रीनिवासन या विद्यार्थी चळवळीतून आलेल्या तरुणाकडून हरले. ६ मार्च १९६७ रोजी सी. एन. अण्णादुराई मुख्यमंत्री झाले.

कोणी कल्पनाही केली नसेल असा उमेदवार, हे आपल्या चित्रपटाचे सूत्र. पण त्या वर्षी मद्रासमध्ये ते प्रत्यक्षात सगळीकडे दिसत होते. एम. जी. रामचंद्रन यांच्यावर १२ जानेवारी १९६७ रोजी सहअभिनेते एम. आर. राधा यांनी गोळी झाडली. गळ्याला पट्टी बांधलेले एमजीआर प्रचाराला न फिरता रुग्णालयातूनच आमदार झाले. अण्णादुराई आणि करुणानिधी दोघेही चित्रपटांचे लेखक. ‘पराशक्ती’ या १९५२ च्या गाजलेल्या चित्रपटाची पटकथा करुणानिधींची. म्हणजे सिनेमातून सत्तेकडे जाणारी वाट तिथे आधीच मळलेली होती. चो यांनी त्याच सिनेमाचा उपयोग उलट दिशेने केला. टाळ्या घेणारे वक्तृत्व राज्य मिळवू शकते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, आणि त्यांच्या महादेवनचे शेवटचे हत्यार वक्तृत्वच आहे.

खासदारांना घाऊक उपपंतप्रधान करण्याचा विनोदही आकाशातून पडलेला नाही. त्या वेळी देशाला खरोखर एक उपपंतप्रधान होते, मोरारजी देसाई. आणि राज्यांमध्ये पक्षांतराला ऊत आला होता. हरियाणातले आमदार गया लाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम गयाराम’ हा शब्दप्रयोग देशाला मिळाला. डिसेंबर १९६७ मध्ये लोकसभेने ठराव केला, त्यातून पक्षांतराचा अभ्यास करणारी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते तेव्हाचे गृहमंत्री यशवंतराव चव्हाण. या समितीच्या अहवालातला एक आकडा विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. बिहार, हरियाणा, मध्य प्रदेश, पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगाल या राज्यांत पक्षांतर करणाऱ्या २१० आमदारांपैकी ११६ जणांना, त्यांच्याच पाठिंब्यावर बनलेल्या मंत्रिमंडळांत जागा मिळाली होती. निम्म्याहून जास्त! चो यांनी पडद्यावर फक्त उरलेल्यांनाही सामावून घेतले.

१९६९ मध्ये दोन गोष्टी घडल्या. फेब्रुवारीत अण्णादुराई गेले आणि करुणानिधी मुख्यमंत्री झाले. नोव्हेंबरमध्ये काँग्रेस फुटली. लोकसभा मुदतीआधी विसर्जित झाली आणि मार्च १९७१ मध्ये मतदान झाले. तमिळनाडूत विधानसभेचीही निवडणूक त्याच वेळी होती. एका बाजूला द्रमुक आणि इंदिरा गांधींची काँग्रेस, दुसऱ्या बाजूला कामराजांची जुनी काँग्रेस आणि राजाजींचा स्वतंत्र पक्ष. चार वर्षांपूर्वी एकमेकांना पाडणारे आता एकमेकांचा प्रचार करत होते, ही बाब दोन्ही आघाड्यांना लागू होती. पडद्यावरचा सुलतान मते मागत होता त्याच महिन्यात खरे मतदार खऱ्या रांगेत उभे होते. निकाल लागला तेव्हा विधानसभेच्या २३४ जागांपैकी १८४ द्रमुकच्या होत्या. चित्रपट चालला, लोक हसले, आणि ज्यांच्यावर तो रोखलेला होता त्यांनाच त्याच लोकांनी भरभरून मते दिली. हा विरोधाभास पुढे आपल्याला पुन्हा लागणार आहे.

फारसीचा विनोद

२६ जानेवारी १९६५ पासून हिंदी ही संघराज्याची मुख्य राजभाषा व्हायची होती. त्याविरुद्ध मद्रास राज्यात मोठे आंदोलन पेटले, आत्मदहने झाली, गोळीबारात माणसे मेली. पुढे राजभाषा कायद्यात दुरुस्ती होऊन इंग्रजीचा वापर चालू ठेवण्याची हमी मिळाली आणि जानेवारी १९६८ मध्ये मद्रास विधानसभेने तमिळ आणि इंग्रजी असे द्विभाषा धोरण स्वीकारले. हिंदी की इंग्रजी या प्रश्नावर सुलतानाने ‘फारसी’ म्हणावे, यातला चिमटा त्या प्रेक्षकांना लगेच कळला असणार. कोणाचीच नसलेली भाषा सगळ्यांवर सारखीच लादली की कोणाची तक्रार राहत नाही!

पण इतिहासाच्या अंगाने हा विनोद जरा उलटतो. फारसी या देशाच्या कारभाराची भाषा शतकानुशतके होतीच. मराठीत अर्ज, दफ्तर, फर्मान, तहसील, फिर्याद हे शब्द तिच्या वाटेने आले. शिवछत्रपतींच्या काळात राज्यव्यवहारकोश करवून घ्यावा लागला, यावरूनच तिचा पगडा किती होता ते समजते. आणि तमिळ प्रेक्षक? चित्रपट पाहून घरी गेलेला माणूसही ‘तासिल्दार’, ‘ताल्लुका’, ‘जिल्ला’, ‘जमाबंदी’ हे शब्द वापरतच होता. आपली ‘कचेरी’ तर तिकडे ‘कच्चेरी’ होऊन संगीताच्या मैफलीत जाऊन बसली. सुलतानाचा हुकूम पडद्यावर हास्यास्पद वाटतो, पण त्याचा निम्मा अंमल आधीच झालेला होता.

खरा सुलतान, खरा प्रवासी

आता दुसरा प्रश्न. रंगाचारीने आपली अभ्यासाची पुस्तके नीट चाळली असती, तर हे सोंग पहिल्या दिवशीच फुटले असते. इब्न बतूता भारतात पुरला जाणे शक्यच नाही. तो १३३३ मध्ये सिंधू ओलांडून आला, तुघलकाने त्याला दिल्लीचा काझी केले, पुढे वकील म्हणून चीनकडे पाठवले. कालिकतला जहाज बुडाले, मग मालदीव, श्रीलंका असे करत तो अखेर मोरोक्कोत परतला. तिथे १३५५ च्या सुमारास त्याच्या तोंडून त्याचा प्रवासवृत्तान्त उतरवून घेतला गेला, आणि मृत्यूही त्याच देशात आला. सुलतान मेला तो १३५१ मध्ये, सिंधमधल्या ठठ्ठ्याजवळ, एका बंडखोराचा पाठलाग करताना. दोघांच्या पेट्या शेजारी शेजारी सापडणे हा भूगोलाचाच चमत्कार झाला असता. ‘साधनाची बाह्य चिकित्सा’ म्हणजे काय, याचे यापेक्षा सोपे उदाहरण मला वर्गात देता आलेले नाही.

थडग्यांचा विषय निघालाच आहे तर एक खरी कबर सांगतो. दक्षिणेच्या मोहिमेत सुलतानाला दातदुखीने गाठले. त्याचा पडलेला दात बीडजवळ पुरला आणि त्यावर घुमट बांधला, असे फिरिश्ता सांगतो. मराठी मुलखात तुघलकाची कबर शोधायची तर ती एवढीच.

ती मोहीम होती माबरची, म्हणजे तमिळ प्रदेशाची. तिथला सुभेदार जलालुद्दीन अहसान शाह १३३५ च्या आसपास स्वतंत्र झाला आणि मदुराईची सल्तनत सुरू झाली. सुलतान स्वतः निघाला, पण वाटेत सैन्यात साथ पसरली आणि त्याला परतावे लागले. याच अहसान शाहाची मुलगी इब्न बतूताची बायको होती. पुढे बतूता मदुराईला गेला, तेव्हाचा तिथला सुलतान त्याचा साडू निघाला, आणि त्याच्या क्रौर्याची वर्णने बतूताने लिहून ठेवली. चो यांच्या पेटीतून उठलेली जोडी तमिळ देशाला अगदीच परकी नव्हती.

सुलतानाच्या ‘वेडाच्या’ गोष्टी तुम्ही शाळेत वाचल्या आहेत. १३२७ मध्ये दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला राजधानी. थोड्याच वर्षांत तांब्या-पितळेची प्रतीक नाणी, जी चांदीच्या टंक्याच्या किमतीला चालावीत अशी अपेक्षा. दुआबात करवाढ, आणि ती नेमकी दुष्काळाच्या तोंडावर. या प्रत्येक धोरणामागे काही हेतू होता, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. दख्खनवर ताबा ठेवायला दिल्ली दूर होती. चीन आणि इराणमध्ये प्रतीक चलनाचे प्रयोग आधी होऊन गेले होते. चुकले ते अंमलात. टांकसाळीचे नाणे आणि घरी पाडलेले नाणे यांत फरक करता येईना, तेव्हा सुलतानाने नाणी परत घेऊन खजिन्यातून चांदी मोजली. दिवाळखोर सरकारला हे करता आले नसते, हेही लक्षात घ्यावे.

मग ‘वेडा’ हा शिक्का आला कुठून? इथे साधनांचे लेखक पाहावे लागतात. दौलताबादच्या स्थलांतराचे सर्वांत हृदयद्रावक वर्णन इसामीचे आहे. त्याचा नव्वदीतला आजोबा त्या वाटेवर मेला. इसामीने आपला ग्रंथ १३५० मध्ये पूर्ण केला तो बहमनी दरबारात, म्हणजे तुघलकाविरुद्ध बंड करून १३४७ मध्ये स्वतंत्र झालेल्या राज्यात. दुःख खरे आणि आश्रयदाताही शत्रुपक्षाचा, असे हे साधन आहे. दुसरा झियाउद्दीन बरनी. तो सतरा वर्षे सुलतानाच्या सहवासातला दरबारी. सुलतान गेला, नव्या राजवटीत बरनीची मर्जी गेली, काही काळ कैद झाली, आणि म्हातारपणी हलाखीत त्याने ‘तारीख-इ-फिरोझशाही’ लिहिली. इब्न बतूताने देश सोडल्यावर लिहिले, त्यामुळे तो निर्भय आहे, पण किस्सा रंगवण्याचा मोह त्यालाही आहे.

बरनीची तक्रार, चो यांची तक्रार

बरनीच्या रागाचे एक कारण वाचताना मला नेहमी हा चित्रपट आठवतो. सुलतानाने खालच्या कुळातली माणसे मोठ्या हुद्द्यांवर बसवली, म्हणून बरनी जळफळतो. तो यादीच देतो: दारू गाळणारा अझीझ, फिरोझ न्हावी, मनका आचारी, एक माळी, एक विणकर, एका गवयाचा पोर. बरनीचे स्वतःचे घराणे पिढीजात अधिकाऱ्यांचे, त्याचा चुलता अलाउद्दीन खलजीच्या काळात दिल्लीचा कोतवाल. राज्य चालवायचे ते आम्ही, ही त्याची समजूत पक्की होती. ‘फतावा-इ-जहांदारी’ या दुसऱ्या ग्रंथात तर खालच्या थरातल्या लोकांना लिहायला-वाचायलाच शिकवू नये, असे तो सांगतो. कारण उघड आहे. शिकले की ते कारभारात येतील.

म्हणजे ‘तुघलकी’ या शब्दात जी अनागोंदी आपण ऐकतो, तिच्यातला एक स्वर असा आहे: नको ती माणसे नको त्या जागी बसली. अझीझ खम्मारने माळव्यात धार येथे ऐंशीच्या घरात अमीर ठार केले आणि त्यातून गुजरात-दख्खनची बंडे भडकली, हे खरे. पण कुलीन सुभेदारांनीही बंडे केली, कत्तली केल्या. त्यांच्या बाबतीत बरनी कुळाला दोष देत नाही.

आता चो यांच्याकडे या. त्यांचा चित्रपटही विचारतो: पात्रता नसलेला माणूस सर्वोच्च पदावर कसा पोचतो? उत्तर असते, लोक मूर्ख आहेत म्हणून. चित्रपटात जमावाला एकच काम आहे, फसणे. पुढाऱ्यांना निदान लबाडीची बुद्धी दिली आहे, मतदाराला तीही नाही. आणि ज्या मतदारांवर हे हसणे होते ते कोण, हे १९७१ च्या मद्रासमध्ये सांगावे लागत नव्हते. द्रमुक १९४९ मध्ये ब्राह्मणेतर चळवळीतून जन्मली. तिने राज्याच्या सत्तेत ज्या जाती-समूहांना आणले त्यांची आधीची पिढी कचेरीच्या दारात उभी राहत होती. चो स्वतः मद्रासच्या शिकलेल्या, वकिली करणाऱ्या ब्राह्मण वर्गातून आले. त्या वर्गाची मक्तेदारी सुटत चालली होती. त्यांच्या विनोदाला जी धार आहे तिच्यात हा अस्वस्थपणा मिसळलेला आहे, असे माझे मत आहे. तुम्ही चित्रपट पाहून ते खोडून काढू शकता.

मात्र चो म्हणजे विसाव्या शतकातला बरनी, असे म्हणून मोकळे होणे अन्याय ठरेल. बरनीचा नायक कुलीन असतो, चो यांच्या चित्रपटात कुलीन कोणी वाचत नाही. शिकलेला, ध्येयवादी, जनतेला धडा शिकवायला निघालेला महादेवनच शेवटी सर्वांत मोठा चोर ठरतो. लोकांना अडाणी समजणारा सुधारक सत्तेवर बसल्यावर काय करतो, हेही हा चित्रपट दाखवतो. लेखकाला ते पूर्ण जाणवले होते की नाही, माहीत नाही, पण पडद्यावर ते आहे. शिवाय बरनीने सुलतान मेल्यावर लिहिले. चो यांनी ज्यांच्यावर लिहिले ते सत्तेवर होते आणि त्याच शहरात राहत होते.

मतदाराच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. १९६७ मध्ये द्रमुकने रुपयाला तीन मापे तांदूळ देण्याचे आश्वासन दिले. प्रत्यक्षात एक माप, तेही मद्रास आणि कोइम्बतूर अशा मोजक्या शहरांत, जमले. चो यांच्या तर्काने पाहिले तर हा फसलेला मतदार. पण १९६५ ते ६७ ही अन्नटंचाईची वर्षे होती. धान्याच्या दुकानासमोर तास न् तास उभ्या राहणाऱ्या बाईने तांदळाबद्दल बोलणाऱ्या पक्षाला मत दिले, यात भाबडेपणा किती आणि हिशेब किती? तीन मापांऐवजी एक मिळाले तरी आधीच्यापेक्षा ते जास्तच होते. चित्रपटात अशी बाई येत नाही. विनोदाला ती अडचणीची ठरली असती.

दोन शेजारी

याच सुलतानावर गिरीश कर्नाड यांनी १९६४ मध्ये कन्नडमध्ये ‘तुघलक’ लिहिले होते. मराठी वाचकांना ते विजय तेंडुलकरांच्या अनुवादातून परिचित आहे. कर्नाडांचा सुलतान बुद्धिमान, एकाकी आणि रक्ताने माखत जाणारा आहे. नेहरूयुगाच्या स्वप्नभंगाशी त्याचे नाते अनेकांनी जोडले. गंमत अशी की सोंग तिथेही आहे. अझीझ नावाचा धोबी कधी ब्राह्मण, कधी खलिफाच्या वंशातला पाहुणा बनून सुलतानाच्या प्रत्येक योजनेतून कमाई करतो, आणि शेवटी सुलतान त्याला ओळखूनही नोकरी देतो. कर्नाडांनी बरनीची तक्रार घेतली आणि तिचा अर्थ फिरवला: राज्यच सोंगांवर चालत असेल तर धोब्यानेच का मागे राहावे? शोकांतिका लिहिणाऱ्या कर्नाडांना खालचा माणूस हुशार दिसला, प्रहसन लिहिणाऱ्या चो यांना भाबडा दिसला.

दुसरा शेजारी फार दूरचा आणि फार अलीकडचा. युक्रेनमध्ये २०१५ पासून ‘जनतेचा सेवक’ नावाची विनोदी मालिका लागत होती. तिच्यात इतिहासाचा एक शाळामास्तर अचानक राष्ट्राध्यक्ष होतो. ती भूमिका करणारे व्होलोदिमिर झेलेन्स्की २०१९ मध्ये सुमारे ७३ टक्के मते घेऊन खरोखरच राष्ट्राध्यक्ष झाले. तिथे प्रेक्षकाने पडद्यावरच्या उमेदवाराला मत दिले. मद्रासच्या प्रेक्षकाने पडद्यावरच्या उमेदवाराला हसून, बाहेर येऊन आपल्या मनातल्या पक्षाला मत दिले. फसणारा जमाव म्हणून ज्याची टिंगल झाली, त्याने सिनेमा आणि मतपेटी यांत गल्लत केली नाही. सिनेमाच्या राज्यात हे घडले, ही बाब विशेष आहे. अर्थात सहाच वर्षांनी, १९७७ मध्ये, त्याच राज्याने एमजीआर यांना मुख्यमंत्री केले, तेव्हा हा निष्कर्ष फार ताणू नये.

चित्रपटानंतर

‘मुहम्मद बिन तुघलक’ नाटक म्हणून पुढेही होत राहिले आणि १९७२ मध्ये त्याचा तेलुगू चित्रपटही आला. आणीबाणीत चो यांच्या नियतकालिकाला सेन्सॉरशी झगडावे लागले. ज्या गोष्टींवर ते हसले होते त्यांतल्या दोन हळूहळू कायद्याच्या पुस्तकात पोचल्या. पक्षांतरावर १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. घाऊक मंत्रिपदे वाटण्याचा मार्ग बंद करायला आणखी वेळ लागला. मंत्रिमंडळाचा आकार कनिष्ठ सभागृहाच्या पंधरा टक्क्यांपलीकडे नेऊ नये, अशी तरतूद एक्क्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने २००३ मध्ये केली. ते विधेयक राज्यसभेत आले तेव्हा सभागृहाच्या सदस्यांमध्ये स्वतः चो रामस्वामीही होते. १९९९ ते २००५ या काळात ते संसदेत होते, एकही मत न मागता, राष्ट्रपतींनी नामनियुक्त केलेले सदस्य म्हणून.